उपदेशाचा मोह

जगात फुकट मिळणाऱ्या वस्तूंची यादी करावयाची झाल्यास तीत पहिला मान उपदेशाला द्यावा लागेल. घरात कोणी तापाने अंथरुणास खिळला, की समाचाराला आलेला पाहुणा ताप किती आहे ते विचारतो, कोणत्या डॉक्टरांचे औषध चालू आहे याची चौकशी करतो, आणि या प्रांतात आपली अक्कल चालण्यासारखी नाही हे ओळखून चार मोसंबी ठेवून निघून जातो. पण तेच दुखणे मनाचे असले म्हणजे हाच गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसतो. 'मन खंबीर करा', 'कशात तरी स्वतःला गुंतवून घ्या', 'देवाने तुम्हाला काय कमी दिले आहे?', 'माझ्या मेहुण्याचेही असेच झाले होते', अशी त्याच्या औषधांची पेटी उघडते. शरीराच्या वैद्यकाला पदवी लागते, मनाच्या वैद्यकाला वय पुरते, अशी आपणा सर्वांची मनोमन समजूत असते. आम्हा प्राध्यापकांना तर वयाचीही अट नाही. समोरच्याने मध्ये न बोलता पन्नास मिनिटे ऐकून घ्यावे, हा हक्क आम्हाला ऐन पंचविशीतच मिळालेला असतो.

म्हणूनच, मनाच्या दुखण्याने गांजलेल्यांना आधार कसा द्यावा याचे समाजसेवकांना रीतसर शिक्षण दिले पाहिजे असे कोणी म्हणाले, की पुष्कळ सुशिक्षितांच्या कपाळाला आठी पडते. ते म्हणतात, 'दया का शिकवून येते? ज्याच्या ठिकाणी कळकळ आहे त्याला शिक्षणाची गरज नाही, आणि ज्याच्या ठिकाणी ती नाही त्याला शिक्षणाचा उपयोग नाही.' हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु पट्टीचा पोहणारा यावर काय म्हणेल ते ऐकण्यासारखे आहे. बुडणाऱ्याला पाहून पाण्यात उडी टाकण्याची ऊर्मी कोणालाही शिकवावी लागत नाही. ती माणुसकीचीच आहे. मात्र बुडणारा जीवाच्या आकांताने गळ्याला मिठी मारतो, आणि ती मिठी कशी चुकवावी व त्याला कोणत्या बाजूने धरावे हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याच्याबरोबर तळाशी जातो. कळकळ ही उडी आहे. पोहणे निराळे शिकावे लागते.

हा समाजसेवक म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तो डॉक्टर नव्हे. महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात बसणारी कार्यकर्ती, वस्तीत फिरणारी आशा सेविका, सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातला अधीक्षक, बालगृहाची अधीक्षिका, व्यसनमुक्ती केंद्रातला मदतनीस, ही सारी मंडळी या एका नावाखाली येतात. यांच्याकडे कोणी 'माझे मन आजारी आहे' असे सांगत येत नाही. कोणी शिधापत्रिकेसाठी येतो, कोणी विधवेच्या निवृत्तिवेतनासाठी, कोणी नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन; आणि मनाचे दुखणे त्या अर्जामागे पदराआड लपविलेल्या मुलासारखे उभे असते. २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले, की प्रौढांपैकी शेकडा दहांहून थोडे अधिक लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पछाडलेले होते, आणि निरनिराळ्या विकारांचा हिशोब केला तर शेकडा सत्तर ते ब्याण्णव रोग्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. मनोविकारतज्ज्ञाच्या दारापर्यंत न पोचलेली ही माणसे कोणाच्या तरी दारापर्यंत पोचतातच, आणि ते दार बहुधा या समाजसेवकाचे असते. तेव्हा त्याने अशा माणसांशी बोलावे की न बोलावे, हा प्रश्नच उरत नाही. तो बोलणारच आहे. काय शिकून बोलणार, एवढेच आपल्या हाती आहे.

ही गोष्ट जगाला युद्धाने प्रथम शिकविली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने ज्यांची शरीरे वाचली पण मने मोडली असे शिपाई हजारांनी घरी परतू लागले, तेव्हा अमेरिकेत बॉस्टनच्या मनोरुग्णालयातील मेरी जॅरेट या बाईंच्या पुढाकाराने १९१८ साली स्मिथ कॉलेजात अशा कार्यकर्त्यांसाठी पहिला वर्ग निघाला. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. नागपाड्याच्या वस्तीत निघालेली ती शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. दुसऱ्याच वर्षी तिने मुलांच्या मनोविकारांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले, आणि स्वातंत्र्य मिळाले त्याच सुमारास रुग्णालयीन व मानसिक समाजकार्याचे शिक्षण तेथे गौरीराणी बॅनर्जी यांनी सुरू केले. म्हणजे हा विषय आपल्याला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की जे शिक्षण तेव्हा मूठभर पदवीधरांसाठी होते ते आता खेड्यापाड्यांतील साध्या कार्यकर्तीपर्यंत नेण्याची निकड भासू लागली आहे.

मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मनुष्य. माझा या विषयाशी संबंध शब्दांच्या वाटेने आला. समाजकार्य महाविद्यालयात शिकविणाऱ्या एका स्नेह्याने मला एकदा विचारले, 'आमच्याकडे मदतीला येणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावे?' इंग्रजीत त्याला क्लायंट म्हणतात. आपल्याकडे वकिलाचा तो अशील, दुकानदाराचे गिऱ्हाईक, डॉक्टरांचा रोगी आणि सरकारचा लाभार्थी. यांपैकी एकही शब्द येथे चालत नाही. गिऱ्हाईक म्हटले की पैशाचा वास येतो. लाभार्थी म्हटले की तो हात पसरून उभा असल्याचे चित्र दिसते. रोगी म्हटले की तो आडवाच झाला. मूळ लॅटिन शब्दही काही फार मानाचा नाही; रोमन काळी धन्याच्या आश्रयाने राहणाऱ्या पोष्य माणसाला तो लावीत. पण कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली 'रोगी' हा शब्द टाकून तोच शब्द हेतुपुरस्सर उचलला. आपल्याकडे येणारा माणूस आपले आयुष्य चालविण्यास मुळात समर्थ आहे, अशी त्याची धारणा होती. मी स्नेह्याला सांगितले, 'शब्द सापडेपर्यंत त्याला त्याच्या नावाने हाक मारा.' तो हसला व म्हणाला, 'आम्हीही पहिल्या दिवशी हेच शिकवितो. तुम्ही एकदा येऊन पाहा.' त्याप्रमाणे गेल्या पावसाळ्यात त्यांच्या चार दिवसांच्या अभ्यासवर्गाला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. वर्गात तीसएक कार्यकर्ते होते. बहुतेक बायका, आणि त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या विद्यार्थ्यांहून वयाने वडील.

पहिला धडा मौनाचा होता. दोघीदोघींच्या जोड्या करून एकीने स्वतःची एखादी खरी अडचण सांगावी आणि दुसरीने पाच मिनिटे नुसते ऐकावे, असे ठरले. उपदेश नाही, दिलासा नाही, स्वतःची हकीकत नाही. हे ऐकावयास सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या मिनिटालाच निम्म्या वर्गाचा धीर सुटला. 'अहो पण', 'त्यापेक्षा असे करा ना', 'होईल सारे ठीक', असे उद्गार चोहीकडून ऐकू येऊ लागले. शिक्षिकेने कोणालाही रागे भरले नाही. तिने एवढेच विचारले, की हे वाक्य तुम्ही कोणाच्या समाधानासाठी उच्चारले? वर्ग थोडा वेळ स्तब्ध झाला. मग वीस वर्षे वस्तीत काम केलेल्या एक बाई सावकाश म्हणाल्या, 'माझ्याच. तिचे दुःख मला ऐकवेना, म्हणून मी ते मिटवायला निघाले.' उपदेशाच्या मुळाशी काय असते याचे इतके नेमके निदान मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

त्यानंतर प्रश्न कसे विचारावेत हे सांगण्यात आले. 'का' हा शब्द शक्यतो टाळावा, अशी तेथे सूचना होती. मला प्रथम ती चमत्कारिक वाटली, कारण आमच्या वर्गात 'का' या एका शब्दावरच सारी विद्या उभी असते. परंतु विचार करता असे दिसून आले, की आपल्या घरांतून 'का' हा प्रश्न नसतोच. तो आरोप असतो. 'का उशीर केलास?', 'का जेवत नाहीस?', 'का रडतेस?' यांना उत्तर अपेक्षित नसून शरणागती अपेक्षित असते. त्याऐवजी 'काय झाले?', 'केव्हापासून?', 'मग तुम्ही कसे निभावलेत?' असे विचारले म्हणजे तेच माणूस मोकळे होते. तसेच दुःखाची भाषा ओळखण्याचे. खिन्नतेच्या रोगाला पुस्तकात काहीही नाव असो, समोर आलेली बाई ते नाव घेत नाही. ती म्हणते, 'अंगात त्राण नाही', 'डोके भणभणते', 'छातीत धडधड होते', 'रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही', 'कशात जीव रमत नाही'. ही वाक्ये आपण हजार वेळा ऐकली आहेत, आणि हजार वेळा लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठविली आहेत.

तिसऱ्या दिवशीचा धडा सर्वांत अवघड होता. समोरच्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असावेत अशी शंका आली, तर काय करावे? सर्वसाधारण समजूत अशी, की तो विषय काढूच नये. काढल्यास नसलेला विचार मनात यावयाचा. ही समजूत खरी नाही, असे जगभरचे तज्ज्ञ आज एकमुखाने सांगतात. मोकळेपणाने व शांतपणे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे क्षणभर तरी खाली ठेवता येते. म्हणून शिक्षिका एकेका कार्यकर्तीला उभी करून तो प्रश्न तिच्या तोंडून स्पष्ट शब्दांत वदवून घेत होती. आडवळणाने नाही, कुजबुजून नाही, आणि 'तसले काही मनात नाही ना?' असे नकार सुचवूनही नाही. ते शब्द उच्चारताना बायकांचे आवाज कापत होते.

तो प्रश्न किती मोलाचा आहे हे मी यापूर्वी एकदा पाहिले होते. माझा एक मावसभाऊ ज्या कारखान्यात वीस वर्षे राबला तो एकाएकी बंद पडला, आणि पुढच्या चारसहा महिन्यांत तो हसरा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याने आपापल्या परीने त्याला उठविण्याचा यत्न केला. कोणी प्राणायाम सुचविला, कोणी त्याच्याहून दुःखी माणसांची यादी ऐकविली, आणि एकाने तर मर्दासारखे वागण्याची आठवण करून दिली. तो सर्वांना 'हो' म्हणे आणि पुन्हा भिंतीकडे वळे. पुढे मावशीच्या शेजारणीच्या ओळखीने एका लहानशा संस्थेची कार्यकर्ती घरी आली. तिशीची, साधी, दहाबारा मैलांवरून बसने आलेली. ती स्टूल घेऊन त्याच्या उशाशी बसली, आणि झोप किती लागते, जेवण जाते का, दिवसाचा कोणता वेळ सर्वांत जड जातो, एवढेच विचारीत राहिली. मग सहज पाणी मागावे तशा स्वरात म्हणाली, 'दादा, इतके सोसताना जीव संपवून टाकावा असे कधी मनात आले का?' मावशी दारातून ओरडली, 'अगं, भलतेच काय विचारतेस!' आणि त्याच क्षणी, कित्येक आठवड्यांत प्रथमच, तो भिंतीकडून आमच्याकडे वळला. 'रोज येते,' तो म्हणाला. त्या बाईने तेव्हाही उपदेश केला नाही. आज रात्री त्याला एकटे ठेवू नका असे घरच्यांना सांगून, दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेली, आणि पुढे सहा महिने दर पंधरवड्याला येत राहिली. औषध डॉक्टरांनी दिले हे खरे. परंतु भिंतीपासून डॉक्टरांपर्यंतचे अंतर तिने तोडले.

या एका उदाहरणावर कोणी सिद्धांत उभारू नये, हे मलाही मान्य आहे. पण मोठ्या प्रमाणावर केलेले प्रयोगही हीच साक्ष देतात. गोव्यात चोवीस आरोग्य केंद्रांत व दवाखान्यांत आरोग्यशास्त्राचे कसलेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून सल्लागार म्हणून नेमण्यात आले. त्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत येणाऱ्या खिन्नतेच्या व चिंतेच्या रोग्यांना तिचा स्पष्ट गुण आला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत गावकार्यकर्त्यांच्या द्वारे असेच काम दीड वर्ष चालले, तेव्हा खिन्नतेने आजारी असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा चारांवरून सत्तावीसपर्यंत गेले. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात, हरारे शहरी, दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून ऐकणाऱ्या आजीबाई तयार करण्यात आल्या. तेथील शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. आपल्याकडची एखादी आजी 'विचार करकरून पोरीने डोके फिरवून घेतले' असे म्हणते, तेव्हा ती शोना न शिकता शोनाच बोलत असते! 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही आपली म्हणही काही मानसशास्त्राच्या वर्गात तयार झालेली नाही.

तथापि येथे एक धोका आहे, आणि तो दृष्टीआड करणे बरे नव्हे. चार दिवसांच्या वर्गातून बाहेर पडलेला उत्साही मनुष्य अर्ध्या हळकुंडाने पिवळा होण्याचा फार संभव असतो. जो तो त्याला रोगी दिसू लागतो. शेजारणीला अमुक विकार आहे आणि वरिष्ठांना तमुक, अशी निदाने तो चहाच्या टेबलावर करू लागतो. म्हणून चौथा दिवस सर्वस्वी मर्यादांना वाहिलेला होता. निदान करावयाचे नाही. औषध सुचवावयाचे नाही, आणि चालू असलेले औषध थांबवा असे तर मुळीच म्हणावयाचे नाही. ऐकलेली गोष्ट चारचौघांत बोलावयाची नाही. मात्र जीवाला धोका दिसेल तेथे गुपित राखण्याचे वचन देऊन बसावयाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या पुस्तिकेने सारे तीन क्रियापदांत बसविले आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. या तिसऱ्या क्रियापदासाठी जवळचे रुग्णालय कोणते, तेथे मनोविकाराचा विभाग कोणत्या वारी चालतो, हे ठाऊक असावे लागते. २०२२ सालापासून सुरू झालेला १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही तोंडपाठ असावा लागतो. कायदाही थोडा कळावा लागतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे व त्याला शिक्षा न करता त्याची शुश्रूषा व्हावी, असे त्याने ठरविले. त्याच कायद्याने रोग्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयाची पायरी न चढणाऱ्या कुटुंबाला एवढी माहिती वेळेवर मिळणे म्हणजे कधीकधी एक जीव मिळणे होय. मानसिक समाजकार्यकर्ता म्हणून याच कायद्याने ज्याची व्याख्या केली आहे, त्याला पदव्युत्तर पदवीनंतर आणखी दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण लागते. चार दिवसांच्या विद्येने आपली जागा ओळखून राहावे, हे यावरून उघड आहे.

दुसरा धोका कार्यकर्त्यांचा नसून आमचा आहे. स्वस्तात काम भागते असे दिसले, की आपण तज्ज्ञांच्या जागा भरण्याचा कंटाळा करू, आणि डॉक्टरांचे काम पाटीवर नाव बदलून गावच्या बाईच्या गळ्यात घालू. वर्ग भरतो, चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते. आणि त्यानंतर त्या बाईने ऐकलेले काय झाले याची चौकशी कोणी करीत नाही. रोज दहा घरांचे दुःख ऐकणाऱ्या माणसाचे मन लाकडाचे नसते. तेही शिणते, रात्री जागे राहते, आणि शेवटी एक तर बधिर होते किंवा मोडते. गोव्यासारखे प्रयोग फळास आले ते तेथील कार्यकर्त्यांच्या पाठीशी जाणती माणसे नियमाने उभी होती म्हणून. शिकविणे चार दिवसांत उरकते. सांभाळणे हे सतत चालावयाचे काम आहे.

आणि ऐकणे म्हणजे सर्वस्व, असेही कोणी समजू नये. ज्याच्या दाराशी सावकार बसला आहे, त्याचे दुःख नुसते ऐकून घेणे ही त्याची थट्टाच ठरेल. येथेच समाजसेवकाचे महत्त्व डॉक्टरांहून निराळे दिसते. डॉक्टर झोपेची गोळी देऊ शकतात. परंतु झोप उडविणारी थकबाकी, अडलेले निवृत्तिवेतन, मुलीची तुंबलेली फी यांपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. तो या बाईचा पोचतो. माझ्या मावसभावाच्या देण्याच्या हिशोबाचे कागद तिनेच लावून दिले, आणि त्याला प्रथम जेवण गेले ते त्या रात्री, हे मावशी अजूनही सांगते.

आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर असतात. वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचले जाते. इमारतीच्या रंगाला, स्नेहसंमेलनाला, अहवालाच्या छपाईला रकमा मंजूर होतात. आणि कार्यकर्त्यांच्या शिक्षणाचे नाव निघाले, की 'त्या अनुभवी आहेत, त्यांना काय शिकवावयाचे?' असे म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. पुढील सभेत या एका ठिकाणी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. वर्षातून आठ दिवसांचा एक वर्ग, महिन्यातून एकदा एखाद्या मनोविकारतज्ज्ञाबरोबर दोन तासांची बैठक, आणि कार्यकर्तीच्या खोलीला आतून लावता येईल असे एक दार, एवढ्याला फारसा पैसा लागत नाही. तो ठराव मांडणाऱ्याने भाषण लांबवू नये. शक्य तर त्या दिवशी एखाद्या कार्यकर्तीला सभेत बोलवावे, आणि तिचे सांगणे संपेपर्यंत सभासदांनी मध्ये बोलू नये.